मोकल घरी आहे

“तुमचा एक दोष सांगा. ओव्हर.”

पलीकडे नुसती खरखर. मग बाबांचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा. “दोष? कुठे? मशिनरीत? ओव्हर.”

“मशिनरीत नाही हो बाबा, तुमच्यात. मुलाखतीत विचारतात असं. ओव्हर.”

खरखरीत कुणाचं तरी हसू मिसळलं. ते लोपीसकाकांचं. त्या काळी समुद्रातल्या तेलाच्या रिगवरून घरी सरळ फोन लागत नसे. तिथलं बोलणं रेडिओवरून कंपनीच्या किनाऱ्यावरच्या तळावर यायचं आणि तिथला ऑपरेटर ते टेलिफोनला जोडून द्यायचा. एका वेळी एकानेच बोलायचं. आपलं झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे तो बटण फिरवणार. त्यामुळे वसईचे लोपीसकाका आमच्या घरातलं सगळं वर्षानुवर्षं ऐकत आले होते. माझे निकाल, आईचं ऑपरेशन, मला बघून गेलेली स्थळं.

“दोष वहिनींना विचार ना,” लोपीसकाका मध्येच म्हणाले. “पाठ असतील त्यांना.”

“लोपीस, तुला पगार जोडून देण्याचा मिळतो, बोलण्याचा नाही. ओव्हर.”

रविवारची संध्याकाळ होती. पनवेलच्या आमच्या घरात आई जमिनीवर बसून बिरड्याचे वाल सोलत होती आणि मी फोनच्या स्टुलाला टेकून, तिलाही ऐकू जाईल असा रिसीव्हर धरून, मुलाखत घेणाऱ्या साहेबाचा आवाज काढत होते. बाबा रिग मॅनेजर होते. एक महिना समुद्रात, एक महिना घरी, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता गुडघे गेले होते. रिगवर जिथे जायचं तिथे शिडीच, आणि पुढच्या तपासणीत कंपनीचा डॉक्टर आपल्याला वर पाठवणार नाही, हे त्यांनीच आईला सांगितलं होतं. तेव्हापासून मी कॉलेजच्या ग्रंथालयात, जिथे मी नोकरीला होते, येणाऱ्या सगळ्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती त्यांच्यासाठी वाचत होते.

रिग मॅनेजरला किनाऱ्यावर कोण विचारतो, हे मला तेव्हा कळलं. बंदरावर सुरक्षा अधिकाऱ्याची जागा होती. बाबा म्हणाले, “तिथे पाच वाजता घरी पाठवतात. मग मी करू काय?” विमा कंपनीला नुकसानीची पाहणी करणारा माणूस हवा होता. त्यावर म्हणाले, “जळलेल्याच्या दारात जाऊन, काय काय जळलं ते दाखवा म्हणायचं? नको.” शेवटी खोपोलीकडे नव्याने निघालेल्या एका प्रशिक्षण केंद्राची जाहिरात सापडली. रिगवर पहिल्यांदा जाणाऱ्यांना शिकवायला अनुभवी माणूस पाहिजे. याला मात्र ते नाही म्हणाले नाहीत. बुधवारी ते परतणार होते आणि शुक्रवारी मुलाखत होती.

“रिगवर तुमचं काम नेमकं काय असतं? ओव्हर.”

“काही होऊ न देणं. ओव्हर.”

“बाबा, असं नाही चालणार. जरा सविस्तर सांगा.”

मी ओव्हर म्हणायला विसरले. लोपीसकाकांनी आपणहून बटण फिरवलं.

“अगं, महिनाभर काही झालं नाही की माझं काम नीट झालं. आता न झालेलं मी त्यांना दाखवू कसं? ओव्हर.”

“बरं. नवीन मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवाल? ओव्हर.”

यावर ते एकदम मोकळे झाले. “पहिल्या दिवशी बिल्ला हातात देईन. पितळी बिल्ला, त्यावर आपल्या खाटेचा नंबर. रिगवर पाय ठेवला की घ्यायचा, जाताना परत द्यायचा. मधले सगळे दिवस, अंघोळीलासुद्धा, तो अंगावर. भोंगा झाला की आपल्या बोटीपाशी पळायचं आणि तिथल्या फळीवर आपल्या हुकाला तो अडकवायचा. मग मला माणसं शोधत बसावं लागत नाही. हूक रिकामा दिसला की समजायचं, तो अजून आत आहे. ओव्हर.”

“हे छान सांगितलंत. हेच सांगा.”

“गुडघ्याला तेल लावताय का विचार,” आई जमिनीवरून म्हणाली. ती स्वतः फोनवर यायची नाही. लग्नाच्या नवऱ्याला ओव्हर म्हणायची तिला लाज वाटायची.

“लावतो म्हणून सांग. ओव्हर.”

“खोटं बोलतायत,” आई म्हणाली.

“साहेब, मागे रांग आहे,” लोपीसकाका म्हणाले.

“शरू, पगार किती पाहिजे म्हणून विचारतील. ते उद्या घेऊ.” आणि खरखर थांबली.

लहानपणापासून मी त्या फोनला भीत आले होते. संध्याकाळच्या फोनला नाही, तो लाडका होता. इतर वेळी वाजणाऱ्या फोनला. दुपारी घंटी झाली की आई हात पुसत उठायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहायची. ती खांदे सैल सोडून “हां, बोला वन्सं” म्हणाली की मग माझा श्वास सुटायचा. आम्ही दोघी याबद्दल एकमेकींशी कधी बोललो नाही.

सोमवारी मी जेवायला घरी आले आणि ताटावर बसणार तेवढ्यात दारात हिरामण मोकल उभा. बाबांच्या रिगवरचा वेल्डर, उरणकडचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. दर सुट्टीत एकदा तो सुकट नाहीतर जवळा घेऊन यायचा आणि आईला तो कसा करायचा हे, जणू तिला ठाऊकच नाही, असं समजावून सांगायचा. आज त्याच्या हातात मिठाईचा पुडा होता.

“अरे हिरामण? तुझी पाळी अजून संपायची आहे ना?” आईने विचारलं.

“वहिनी, आधी तोंड उघडा. मुलगी झाली.” त्याने बर्फीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, एक माझ्या. “सकाळी निरोप आला का बायकोला पनवेलच्या दवाखान्यात घातलीय. मी रात्रपाळी करून नुकता वर आलेलो. हेलिकॉप्टर उभं, पंखा चालू, सगळ्या जागा भरलेल्या. आमच्या भटारखान्यातला शेट्टी रजेवर निघालेला. मला म्हणतो, तू बस माझ्या जागेवर, मी उद्या जातो. बसलो. शेट्टीच्या नावावर आलो.”

“म्हणजे साहेबांना न विचारता?”

“साहेब खाली ड्रिलिंगला होते वहिनी, पंखा काय थांबतो का? शेट्टीला सांगून आलोय, साहेबांच्या कानावर घाल म्हणून. पण तो कुठला घालतोय, त्यालाच शिव्या बसतील.” तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “संध्याकाळी फोन येईल ना? तुम्हीच सांगा. सांगू नका म्हणत नाय मी. पण जरा गोड करून सांगा.”

“मला नको घालूस मध्ये. ओरडतील मलाच.”

“साहेब ओरडत नाय, तीच तर भीती. ‘बसा’ म्हणतात. ते ‘बसा’ ऐकलं ना, की शिव्या परवडल्या वाटतं.”

मी हसले. आमच्या घरातही तसंच होतं. “मुलगी कशी आहे?” मी विचारलं.

“काळी,” तो अभिमानाने म्हणाला. “माझ्यावर गेलीय.”

तेव्हा फोन वाजला.

आई हात पुसत उठली, पण मी जवळ होते. मी उचलला.

“शरू,” लोपीसकाका म्हणाले. “आई जवळ आहे का?”

“काय झालं?”

“घाबरू नको. रिगवर गॅस सुटलाय, एका बाजूला आग लागली. सगळे बोटीकडे चाललेत. साहेब आत्ता माझ्याशी बोलले, आवाज अगदी रोजचा. बोटी सोडतो म्हणाले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून केला. तू फोन ठेवू नको. मी इथे टेबलावर ठेवतो, लाइन चालू राहू दे.”

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज आला. मग त्या खोलीतला गलबला. दोनतीन माणसं एकदम बोलत होती. मी आईला सांगितलं. ती भिंतीला हात लावून उभी राहिली. तिच्या बोटांना बर्फीचा चुरा अजून चिकटलेला होता.

“आग लहान असेल,” हिरामण म्हणाला. तो उभा राहिला होता. “वहिनी, बोटी बंदिस्त असतात, वरून पाणी सोडायची सोय असते. काय होत नाय. आमची प्रॅक्टिस दर रविवारी, साहेब घड्याळ लावून उभे. आणि माल नेणारं जहाज असतंच जवळ उभं, जलदुर्गा. उचलून घेईल सगळ्यांना.” तो भराभर बोलत होता. पुडा त्याच्या हातातच होता.

“पहिली बोट उतरली!” कुणीतरी तिकडे ओरडलं. मी ते मोठ्याने सांगितलं. आईने मान हलवली. तिला पहिल्या बोटीचं काही नव्हतं. मॅनेजर पहिल्या बोटीत नसतो.

“शेट्टीची बोट,” हिरामण म्हणाला. “भटारखाना पहिल्या बोटीत. आम्ही वेल्डर, यांत्रिकवाले दुसरीत. साहेबही दुसरीत.”

मी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. बराच वेळ काही समजेना. मग लोपीसकाकांचा आवाज, माझ्याशी नाही, रेडिओशी. “दुसरी का सोडत नाही?... कमी? कोण कमी?... वेल्डर कोण? नाव सांग, नाव.”

मला नाव ऐकू आलं नाही. लोपीसकाकांनी ते पुन्हा उच्चारलं तेव्हा आलं.

समोर हिरामण आईला सांगत होता, “दुसऱ्या बोटीचं इंजिन नवीन आहे, वहिनी. गेल्या महिन्यातच बसवलं.”

“काका!” मी फोनमध्ये ओरडले. “काका, मोकल इथे आहे! लोपीसकाका!”

टेबलावरच्या रिसीव्हरमधून माझा आवाज किती येणार? तिकडची माणसं बोलतच होती. मी पुन्हा ओरडले, पुन्हा. हिरामण माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ अर्धवट उघडे होते. मग त्याचा हात पँटच्या खिशाकडे गेला, मला वाटतं त्याच्या नकळत, आणि बाहेर आला. तळहातावर पितळी बिल्ला होता.

आईने तो पाहिला. काल संध्याकाळी ती वाल सोलत सगळं ऐकत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“कोण ओरडतंय?” लोपीसकाकांनी रिसीव्हर उचलला होता. “शरू?”

“मोकल आमच्या घरात उभा आहे. सकाळच्या हेलिकॉप्टरने आला, शेट्टीच्या जागेवर. बिल्ला त्याच्या खिशात राहिला. बाबांना सांगा. काका, बाबांना सांगा कुणी आत नाही!”

मग रिसीव्हर पडल्याचा आवाज आला आणि त्यांचं ओरडणं. रिगला हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग जलदुर्गेला. “जलदुर्गा, बोटीला वॉकीटॉकीवर सांगा, मोकल घरी आहे. मोकल इज ॲट होम. मोकल घर पे है. साहेबको बोलो, मोकल घर पे है!” तीन भाषांत, एकामागून एक. मी त्यांचा आवाज असा फाटलेला कधी ऐकला नव्हता.

उत्तर यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. आई भिंतीपासून हलली नाही.

“कधी?” लोपीसकाका तिकडे विचारत होते. “कधी गेले आत?... मास्क लावून?... खाटांकडे?”

हिरामणने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. “रात्रपाळीची माणसं दुपारी झोपतात,” तो म्हणाला. “मी झोपलोय असं वाटलं असेल त्यांना.” आणि त्याने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

“साहेब! साहेब, मी हिरामण! मी हिकडं आहे, पनवेलला! बाहेर या साहेब! मी तुमच्या घरात आहे, साहेब, बाहेर या!”

त्या फोनचं दुसरं टोक लोपीसकाकांच्या टेबलावर होतं. तिथून पुढे त्याचा आवाज कुठेच जात नव्हता. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. त्याला कुणी थांबवलं नाही.

तो दमला तेव्हा मी फोन परत घेतला. जलदुर्गेवरून भोंग्यातून पुकारतायत, असं लोपीसकाका मला सांगत होते. जवळ जाता येईल तेवढं जहाज जवळ नेलंय. आवाज पोचत असेल. मग ते तिकडे वळले आणि परत आले.

“दुसरी बोट उतरली, शरू. आग शिडीपाशी आली होती. साहेबांनीच तसं सांगून ठेवलं होतं, शिडीपाशी आली की माझ्यासाठी थांबू नका. बोटीतले सगळे ठीक आहेत.”

“आणि बाबा?”

“जहाज फिरतंय भोवती.” त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. “आता फोन ठेव, बाळा. मी करतो.”

मी ठेवला.

हिरामण खाली बसला होता. तो बिल्ला मुठीत धरून कपाळावर मारून घेत होता, जोरात, एका लयीत. आई पुढे झाली. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

“गप,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे काही झालेलं नाही. ऐकतोयस? ते गेलेच असते. तू काय, शेट्टी काय, कुणीही असता तरी ते गेले असते.”

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं. पहिला शब्द ओठांपर्यंत आला असेल, कारण आईने झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“शरू, त्याला पाणी दे.”

मी त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना आणलं. घर माणसांनी भरलं. दुसऱ्या बोटीतले एकेक जण येऊन आईच्या पाया पडत होते. देवमाणूस, सगळे म्हणत होते, एका माणसासाठी मागे फिरला. मी मान हलवत होते. मी पुष्कळ वाचलेली मुलगी होते. अशा मृत्यूंबद्दल माणसांनी काय काय सुंदर लिहून ठेवलंय, ते मला ठाऊक होतं. त्यातलं काहीच मला वाचवेना, एवढंच.

हिरामण पुन्हा हेलिकॉप्टरमध्ये बसला नाही. खोपोलीची ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली. वर्षभराने त्याच केंद्रात, शिकणाऱ्यांना लाइफजॅकेट चढवून तलावात उतरवायला माणूस हवा होता. आई स्वतः एसटीने गेली आणि तिथल्या अधिकाऱ्यासमोर, हो म्हणेपर्यंत बसून राहिली. हिरामण लागला. पुढे तोच शिकवायला लागला, आणि चांगलं शिकवतो, असं लोक सांगायचे.

दरवर्षी त्या तारखेला तो आमच्याकडे यायचा. चहा पुढे आला की म्हणायचा, “साहेब माझ्यासाठी गेले.” आई म्हणायची, “गेलेच असते ते.” मग तो कप उचलायचा. एवढं बोलणं झालं की वर्षाचं काम झाल्यासारखी दोघं इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची. मी जवळ बसलेली असायची.

गेल्या गणपतीनंतर आई गेली. यंदा तो आला तेव्हा घरात मी एकटीच होते. केस पांढरे झालेत त्याचे. बोलायलाही आता शहरातल्यासारखा बोलतो. चहा पुढे ठेवला, तो म्हणाला, “साहेब माझ्यासाठी गेले,” आणि थांबला. आईचं ते वाक्य मी म्हटलं नाही. जरा वेळाने त्याने आपणच कप उचलला.

“ताई, पुढल्या महिन्यात मी रिटायर होतो. जायच्या आधी एक काम करून घेतलंय. मोठ्या हॉलला साहेबांचं नाव देणार. फोटो लावणार दारासमोरच. खाली चार ओळी पाहिजेत. म्हटलं, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

“काय लिहायचं?”

“हेच, की आपला माणूस आत राहिला तर असं जावं. मी दर तुकडीला सांगतो, ताई. पोरं रडतात. मागल्या तुकडीतला एक तर उठून उभा राहिला. म्हणाला, सर, मीपण गेलो असतो.”

“कोण तो?”

“चिपळूणचा आहे. गुणी पोरगा. परवाच रिगवर चढला.” तो हसला. “लग्नाला वर्षपण नाही झालं. बायको सोडायला आली होती गेटपर्यंत, हेलिकॉप्टर उडालं तरी हलेना.”

मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही. पण दुपारी फोन वाजल्यावर ती हात कसे पुसेल, ते मला दिसलं. मी माझे हात मांडीवर दाबून धरले.

“असं लिहू नका, हिरामणदादा,” मी म्हणाले. “आणि शिकवूही नका. त्या मुलाला कळवा की, जायचं नसतं. बाबांनी जायला नको होतं.”

त्याने कप बशीत ठेवला. मग हलकेच म्हणाला, “खरंय ताई. मी आत नव्हतोच. फुकट गेले साहेब.”

“त्यासाठी नाही म्हणत मी.” माझा आवाज मला हवा होता त्याहून मोठा आला. “तुम्ही खरोखर आत असतात, झोपलेले असतात, तरी नको होतं. बोट समोर होती. त्यांनी बोटीत बसायला हवं होतं. तुम्हाला तिथे टाकून बाबांनी घरी यायला हवं होतं.”